चालत्या शोकेसमधली माणसं

कोट त्या उंच मुलाच्या अंगावर चढला खरा, पण अंगाचा झाला नाही. नव्या जागेत न रुळलेल्या भाडेकरूसारखा तो त्याच्या खांद्यांवर येऊन बसला आणि तिथेच परका होऊन लोंबत राहिला. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली, छाती ऐसपैस, आणि पोटापाशी तर आणखी एक माणूस संसार थाटून राहील इतकी जागा.

“जरा श्वास भरून बघ,” भिंगरी म्हणाली.

“भरलाय,” तो मुलगा म्हणाला. “याहून भरला तर उडेन.”

भिंगरीला हसू फुटलं, आणि आत्ता हसू फुटावं याचा तिला संताप आला. सकाळचं ऊन गोदामाच्या पत्र्यावरून घरंगळत अंगणात उतरत होतं. अंगणात ट्रक उभा होता आणि ट्रकच्या पाठीवर तिने उभी केलेली चालती शोकेस होती: तीन बाजूंनी मोकळी, चौथ्या बाजूला गर्द निळ्या कापडाने मढवलेली पाठभिंत, वर दिव्यांची माळ. त्यात नाट्यशाळेतले चार कलाकार घरच्या ब्रँडचे थंडीचे कोट घालून पुतळ्यांसारखे निश्चल उभे राहणार होते. पुतळे जिवंत आहेत की नाहीत हे ठरवायला लोक थांबणार होते, आणि थांबलेल्या लोकांना बघायला आणखी लोक. असले रस्त्यावरचे जाहिरातीचे खेळ तिने परक्यांच्या साबणासाठी केले होते, परक्यांच्या चपलांसाठी केले होते. गादीवाल्यांसाठी तर एका अख्ख्या पुलावर माणसं झोपवली होती. घरासाठी मात्र हा पहिलाच.

आणि तो शेवटचाही ठरू शकत होता. अट सगळ्यांनी मान्य केली होती. दुपारी चौकातल्या घड्याळाचे बाराचे ठोके पडतील तेव्हा ट्रकपुढे गर्दी उभी असली, तर घरच्या कपड्यांच्या दुकानाला मधोमध चिरणारं लाकडी पार्टिशन निघणार. नसली, तर बाबा रेडीमेडची आपली अर्धी बाजू उचलून नव्या मॉलमध्ये जाणार, आणि धाकटे काका त्यांच्या शिलाईच्या अर्ध्या बाजूसकट मागे उरणार. शोकेसमध्ये पुढे काय ठेवायचं, टांगलेला तयार शर्ट की मापाने कापलेला कोट, एवढ्याशा प्रश्नावरून ते पार्टिशन उभं राहिलं होतं. तेव्हापासून दोघे भाऊ एका पाटीखाली बसून एकमेकांशी अवाक्षर बोललेले नव्हते.

दुसरा कोट घातलेली मुलगी त्यात दिसेनाशी झाली. तिसरा ज्याला दिला त्याच्या बाह्या कोपरापाशी संपल्या.

“काका,” भिंगरीने हाक मारली. “मी फोनवर मापं सांगितली होती ना?”

धाकटे काका ट्रकच्या चाकाशी उभे होते. गळ्यातला टेप ते दोन्ही हातांनी ओढत होते, जणू तोच त्यांचा गळा धरून होता.

“सांगितली होतीस.”

“मग?”

“ऐकली मी.”

“ऐकली, आणि?”

“फोनवरून खांदा कळतो का गं? तू म्हणतेस अठरा. कसला अठरा? उतरता अठरा, ताठ अठरा, की दिवसभर ओझं वाहून आलेला अठरा? मी खडू हातात घेतला आणि हात चालेचना. मग म्हटलं, जी अंगं ठाऊक आहेत त्यांचीच कापावीत.”

“कोणाची अंगं?”

काका टेपाकडे बघू लागले. उत्तर आत्याकडून आलं. आत्या दोघा भावांहून मोठी. पार्टिशन झाल्यापासून एकाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि ते ती मनापासून, आपल्या पदरचे दोन शब्द घालून करायची. तिने त्या उंच मुलाला गर्रकन फिरवलं, कोटाच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला आणि डोळे बारीक केले.

“हा खांदा मी ओळखते. झाडावरून पडला होता, तो हा खांदा. थोरल्याचा.”

“आणि तो, ज्यात ती पोरगी हरवली आहे, तो माझा,” आत्या म्हणाली. “एवढी रुंद मीच. धाकट्या, तू माझ्या कमरेवर काही दया दाखवायचीस!”

“आखूड बाह्यांचा वहिनीचा,” काका पुटपुटले.

काकांना आपल्या हातांनी कापलेलं लपवता येत नव्हतं. भावाशी अबोला धरलेल्या त्या हातांनी रात्रंदिवस खपून भावाचाच कोट शिवला होता, आणि शिवून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते कळलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला होता. चौथा कोट तेवढा त्या चौघांतल्या कुणालाही चालला असता. तो बाबांच्या बाजूचा, रॅकवरून उतरवलेला. दोन्ही बाजूंचा माल असलाच पाहिजे, असा बाबांचा हट्ट होता.

ट्रकवाला खाली उतरला. “ताई, निघायचं ना? चौकात जागा धरून ठेवायला माझा मेव्हणा टेम्पो आडवा घालून उभा आहे. लोक त्याच्या सात पिढ्या काढताहेत.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि पाठभिंतीला कुणाला हात लावू देऊ नका. ऐवज आहे तो.”

भिंगरी पाठभिंतीसमोर जाऊन उभी राहिली. त्या निळ्या कापडामागे काय आहे हे फक्त तिला, सुताराला आणि या माणसाला ठाऊक होतं. पाठभिंतीसाठी मागवलेलं प्लायवूड पहाटे पाणी पिऊन, फुगून, केळीच्या पानासारखं वाकडं होऊन आलं. ट्रकच्या लांबीला बरोबर बसेल अशी तयार लाकडी भिंत साऱ्या शहरात तिला एकच आठवली. दुकान आज बंद होतं. चावी तिच्याकडे होती. सुताराने एकदाच विचारलं, “नक्की?” ती म्हणाली, “संध्याकाळी परत लावू.” जे पार्टिशन निघावं म्हणून ही सारी धडपड, ते तिने निकालाआधीच काढलं होतं आणि ट्रकवर चढवलं होतं.

तेवढ्यात फाटकातून बाबा आणि आई आत आले. बाबांनी ट्रक पाहिला, कलाकार पाहिले, आणि त्या उंच मुलाच्या अंगावरचा कोट पाहून ते थबकले.

“अक्का,” ते आत्याला म्हणाले, “त्याला विचार, हा कोट आहे की तंबू?”

हातभर अंतरावर उभ्या असलेल्या काकांकडे वळून आत्या म्हणाली, “धाकट्या, दादा विचारतोय, कोट इतका सुंदर कसा जमला?”

“अक्का!”

“बरं, बरं. तंबूही म्हणाला.”

“त्याला सांग,” काका म्हणाले, “तंबू ज्याचा आहे त्याने घालून बघावा.”

भिंगरीने विचार करायला वेळ घेतला नाही, कारण विचार केला असता तर धीर झाला नसता. तिने त्या मुलाच्या अंगावरून कोट उतरवला आणि बाबांच्या पाठीमागे धरला. सवयीने बाबांचे हात मागे गेले. आयुष्यभर गिऱ्हाइकांना कोट चढवणाऱ्या माणसाच्या मागे कुणी कोट धरला की हात आपोआप जातात. खांदा खांद्यात बसला, कॉलर मानेला टेकली, पोटावरची बटणं एकामागून एक, कुठेही न कुरकुरता लागली. कोट परका होता तो घरी आला.

बाबांनी नकळत उजवा खांदा उडवून पाहिला. कोटही उडाला, आणि बरोबर खाली बसला.

“भाऊजी,” आई हळूच म्हणाली, “खांद्याचं ठीक आहे. पण हे पोट पार्टिशननंतरचं आहे. तुम्हाला कुठून कळलं?”

काकांचे कान लाल झाले. “वहिनी, पोट काय लपणारी गोष्ट आहे?”

आत्या खुदकन हसली. आणि त्या हसण्यात भिंगरीला उघडा दरवाजा दिसला.

“बाबा, आता तुम्हीच उभे राहा. तुम्ही, आई आणि आत्या. कलाकार पत्रकं वाटतील.”

“मी? पुतळा?”

“अहो, घरी तरी वेगळं काय करता?” आई तिचा कोट चढवता चढवता म्हणाली. बाह्या मनगटाशी बरोबर थांबल्या, आणि तिचा चेहरा एकदम वयाने कमी झाला. “मी तयार आहे.”

बाबांनी सगळ्यांकडे पाहिलं. बायको फितूर झाली होती, बहीण आधीपासूनच फितूर होती, मुलगी तर कटाची सूत्रधारच. एकटा पडलेला माणूस शेवटी शत्रूतच सोबत शोधतो.

“उभा राहीन,” ते म्हणाले. “पण अक्का, त्याला सांग, तो खाली उभा राहून गालात हसणार असेल तर नाही. चौथा कोट त्याने घालायचा. माझ्या बाजूचा.”

“मी रेडीमेड घालणार नाही,” काका म्हणाले.

“धाकट्या,” आत्या म्हणाली, “दादा म्हणतोय, तुझ्यावाचून त्याला करमत नाही.”

“अक्का, मी असं काहीही…”

“घाल रे. निरोप पोचवून पोचवून माझी जीभ झिजली. आज उभं राहूनच सांगा एकमेकांना काय ते.”

काकांनी कोट घातला. त्याच्या बाह्या त्यांच्या बोटांच्या टोकांपर्यंत आल्या, हात जणू कोटाने गिळले. बाबांनी ते पाहिलं आणि नजर चटकन दुसरीकडे वळवली.

चौकात ट्रक उभा राहिला, दिव्यांची माळ लागली, आणि चौघे आपापल्या जागी निश्चल झाले. आई डावीकडे, एक हात कमरेवर ठेवून. आत्या तिच्या शेजारी, कुठल्याशा राणीसारखी हनुवटी उचलून. उजवीकडे दोघे भाऊ. त्यांच्यात तेवढंच अंतर होतं जेवढं दुकानात होतं, फक्त मध्ये काही नव्हतं. ते जे काही होतं ते त्यांच्या पाठीशी, निळ्या कापडाआड उभं होतं. भिंगरी रस्त्यात उभी राहून बघत होती आणि तिला वाटत होतं की हे कापड पारदर्शक आहे, निदान आपला चेहरा तरी नक्कीच आहे.

लोक आले आणि गेले. चौक ही काही थांबण्याची जागा नव्हे. तिथे सगळे कुठून तरी निघालेले आणि कुठे तरी उशीर झालेले असतात. एका बाईने ट्रककडे पाहून फोनवर सांगितलं, “काही नाही, पुतळे आहेत,” आणि ती निघून गेली. एका कुत्र्याने मात्र थांबून बराच विचार केला. कलाकार पत्रकं वाटत होते आणि पत्रकं पुढच्या कोपऱ्यावर पडत होती.

“कोणी बघत नाहीये,” आई ओठ न हलवता म्हणाली.

“बोलू नकोस,” बाबा ओठ न हलवता म्हणाले.

“माझं नाक खाजतंय,” आत्या म्हणाली.

“खाजू दे. पुतळ्याला नाक नसतं.”

“मग हे काय आहे, हँडल?”

आईचे खांदे गदगदले. भिंगरीने खालून डोळे वटारले आणि स्वतःच तोंडावर हात दाबला.

मग तो माणूस आला. कुठल्याशा ऑफिसात निघालेला, बगलेत डबा, गळ्यात ओळखपत्र. त्याच्या स्वेटरमधून शर्टाची एक कॉलर बाहेर आली होती आणि दुसरी आत दडून बसली होती. तो थांबला, ट्रकच्या अगदी कडेला आला, आणि बाबांच्या चेहऱ्याशी चेहरा नेऊन, डोळे मोठे करून बघू लागला. त्याची ती अर्धी कॉलर बाबांच्या नाकाखाली आली.

भिंगरीने पाहिलं आणि एक पाऊल पुढे टाकलं, कारण तिला आपलं कुटुंब ठाऊक होतं. या घरात कुणालाही वाकडी कॉलर सोसत नाही. आजोबा वाटेतल्या अनोळखी माणसांच्या कॉलरी सरळ करायचे. आत्याने एकदा बँकेच्या खिडकीतून हात आत घालून कारकुनाचं बटण लावलं होतं. हा त्यांचा धर्म नव्हता, ती त्यांची खोड होती. आणि खोड धर्मापेक्षा चिवट असते.

“दादा, नको,” काका पुटपुटले. ओठ हलले नव्हते, पण इतक्या वर्षांनी शब्द थेट गेले होते.

बाबांचा हात वर आला. सावकाश, यंत्रासारखा. दोन बोटं त्या माणसाच्या स्वेटरच्या गळ्यात शिरली, दडलेली कॉलर बाहेर काढून त्यांनी ती एकदा थोपटली, आणि हात पुन्हा जागेवर गेला. चेहरा तसाच दगडी.

तो माणूस इतक्या जोरात किंचाळला की चौकातला सिग्नलसुद्धा दचकून लाल झाला असावा. डबा बगलेतून सुटला, एका कलाकाराने झेलला. आणि मग हशा पिकला. बसच्या रांगेतून एक मुलगी पळत आली, मागे तिची मैत्रीण, मागे सगळी रांग.

“आजोबा, माझी कॉलर!”

“माझी पण वाकडी आहे!”

“तू आत्ता मुद्दाम वाकडी केलीस!”

“तुला काय करायचंय?”

बाबा हलले नाहीत. त्या मुलीने नाराज होऊन तोंड वळवलं, आणि तिचा मागचा पट्टा पीळ पडलेला दिसताच बाबांच्या शेजारून आत्याचा हात आला नि पट्टा सुलटा झाला. चौक पुन्हा फुटला. आता लोक रांगा लावू लागले. कुणी बटणं सोडून येत होतं, कुणी टाय पाठीवर टाकून. एका गृहस्थांनी अख्खा कोट उलटा घालून आणला, आणि आईने तो पाहून असा चेहरा केला की पुतळ्याचा चेहरा कसा पडतो ते लोकांना प्रथमच कळलं. वाहनं थबकली. दुतर्फा खिडक्यांतून माणसं लोंबू लागली. फुगलेल्या दुधासारखी गर्दी कडांवरून वर येत होती, आणि भिंगरी तिच्यातून इकडून तिकडे नावाप्रमाणे फिरत होती, पत्रकं वाटत, धक्के खात, कुणाचं तरी बाळ कडेवर घेत, ते कुणाला तरी परत देत.

वाहतूक पोलीस आला. “हे काय चाललंय? परवानगी आहे का?”

“आहे, हवालदार साहेब, ही बघा.”

तो कागद वाचायला वाकला आणि त्याच्या खिशाचं उघडं झाकण आत्याच्या टप्प्यात आलं. बटण लागल्याचा आवाजही झाला नाही. हवालदाराने वर पाहिलं, खिसा चाचपला, आणि गर्दीच्या टाळ्यांत त्यालाही हसू आवरेना म्हणून तो शिट्टीच वाजवत सुटला.

भिंगरीने घड्याळाकडे पाहिलं. काटे जवळजवळ जुळले होते. गर्दी होती, गर्दी उतू जात होती. एवढ्यात तिला दिसलं की बाबा गर्दीकडे बघतच नाहीयेत. त्यांची नजर शेजारी अडकली होती. काकांच्या बाह्यांत.

तिला कळलं की हे मगापासून चाललं आहे. परक्यांच्या कॉलरी नीट करताना बाबा सगळा वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या दोन लोंबत्या बाह्यांना सोसत होते, त्यांच्याच रॅकवरून उतरलेल्या, सगळ्यांना होतो असं ते छातीठोकपणे सांगायचे त्या कोटाच्या. आणि आता त्यांना सोसेना. बाबा वळले. त्यांनी काकांचं मनगट धरलं आणि बाही दुमडायला घेतली.

“लांब आहे,” बाबा म्हणाले.

“ठाऊक आहे,” काका म्हणाले.

“मग सांगायचं नाहीस?”

“तू विचारायचं नाहीस?”

“सकाळपासून बघतोय मी!”

“मी वर्षानुवर्षं बघतोय!”

“पुतळे भांडताहेत!” गर्दीतून कुणीतरी आनंदाने ओरडलं. “पुढे या, पुढे या, भांडताहेत!”

“सोड, माझी मी दुमडतो.”

“तुला नीट जमणार नाही. उभा राहा सरळ.”

“मला? बाही? मला जमणार नाही?” काकांनी हात हिसडला, एक पाऊल मागे गेले, आणि त्यांच्या कोटाच्या पाठीवरचं बटण निळ्या कापडात अडकलं. ते पुढे आले तेव्हा कापडही त्यांच्यासोबत आलं. वरचे खिळे एकेक करून सुटले, पाटकन, पाटकन, आणि गर्द निळं आकाश चौघांच्या डोक्यांवर कोसळलं.

लोकांना वाटलं, हाच शेवट. टाळ्यांचा कडकडाट झाला. कापडाखालून आधी आत्याची हनुवटी निघाली, मग आई शिंकत शिंकत, मग दोघे भाऊ. वळून त्यांनी मागे पाहिलं.

पाठीशी दुकानातलं पार्टिशन उभं होतं. आपल्या जागेवरून निघून, भर चौकात, उन्हात. त्यावर काकांच्या खडूच्या रेघा होत्या, टेप अडकवायचा खिळा होता. मधोमध, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, लाकडाच्या गाठीतलं एक भोक होतं आणि त्यातून पलीकडच्या रस्त्यावरचा प्रकाश बारीक काडीसारखा आत येत होता.

बाबांनी भिंगरीला शोधलं. गर्दीत ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती.

“कोणाला विचारून काढलंस?” आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त भीती वाटली.

“कोणाला विचारणार होते?” तिचा आवाज चिरकला. “अर्धं तुमचं, अर्धं काकांचं. दोघांना एकत्र विचारायची सोय कुठे होती, बाबा?”

बाबा त्या भोकाजवळ गेले, वाकले, आणि त्यात बोट घालून पाहिलं.

“बोळा कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

भिंगरीला काही समजेना. आईलाही नाही. काकांनी बाहीने गिळलेला हात मोठ्या मुश्किलीने बाहेर काढला, पँटच्या खिशात घातला, आणि कागदाचा एक घट्ट दाबलेला बोळा पुढे धरला.

“आज दुकान बंद होतं. काल रात्रीचाच राहिला खिशात.”

“मी रोज कोंबतो,” बाबा म्हणाले. “रोज संध्याकाळी. आणि रोज सकाळी भोक मोकळं. मला वाटायचं उंदीर.”

“उंदीर!” काका म्हणाले. “दादा, उंदीर इतका नेमाचा असतो?”

“तू तिथून बघायचास?”

“कापताना मान वर केली की तू दिसायचास. पाठमोरा. कधी पाठीवरून कळायचं, जेवला नाहीस. कधी कळायचं, जास्त जेवलास.”

“आणि बोळे?”

“टाकणार कुठे? तुझ्या हातचे. कपाटाचा एक खण भरलाय.”

बाबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. भिंगरीला वाटलं आता फुटणार, रागाने किंवा रडून. ते फुटलं ते हसू होतं. आधी नाकातून, मग त्या नव्या कोटाच्या ऐसपैस पोटातून, आणि ते इतकं मोठं झालं की कोटाला पुरेना. मधलं एक बटण तटकन तुटून गर्दीत उडालं. ते झेलायला पाचपन्नास हात वर गेले. काका हसले, आई हसली, आत्या कापडात तोंड खुपसून हसली. कारण काय ते ठाऊक नसताना अख्खा चौक हसत राहिला. ठोके पडले असणार, कारण भिंगरीने पुन्हा वर पाहिलं तेव्हा काटे पुढे गेलेले होते. कुणीही ऐकले नव्हते.

परतताना सगळे ट्रकच्या पाठीवरच बसले. पार्टिशन आता त्यांच्या मध्ये आडवं पडलं होतं, आणि दोघे भाऊ त्याच्या दोन बाजूंना मांडी घालून तावातावाने, थेट, एकमेकांना बोलू न देता भांडत होते.

“तुटलेलं बटण तुझ्या शिलाईचं.”

“तुझ्या हसण्याचं. कोट मी गप्प बसणाऱ्या माणसाच्या मापाने कापला होता.”

“मग सैल कर.”

“रेडीमेड घे एखादा. सगळ्यांना होतो म्हणे.”

भिंगरी ट्रकवाल्यामागच्या जाळीला पाठ टेकून बसली होती. दिवसभर ताणलेली तिची प्रत्येक शिवण आता उसवत होती आणि ते उसवणं तिला फार गोड वाटत होतं.

“हे परत कधी उभं करायचं?” बाबांनी फळ्यांवर चापट मारत विचारलं. गर्दी सगळ्यांनी पाहिली होती, अट सगळ्यांना ठाऊक होती. तरी सरळ हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “सुतार बोलवावा लागेल.”

“सुतार आजारी आहे,” भिंगरी एका दमात म्हणाली.

“सकाळपासून?”

“दुपारपासून. बरेच दिवस चालेल, असं दिसतंय.”

“हं.” बाबांनी पुन्हा फळ्या थोपटल्या, या वेळी कापड पारखावं तशा. “लाकूड बरं आहे. आडवंच राहू दे. खाली चार पाय दिले तर दोघांना समोरासमोर कापता येईल.”

“तू कापणार?” काकांनी विचारलं.

“बाह्या. बाह्या मीच कापणार.”

“उंची किती घ्यायची टेबलाची?”

“माझ्या कमरेइतकी.”

“तुझी कंबर आहे कुठे? माझ्या कमरेची घे.”

“अक्का, त्याला सांग…” बाबा सवयीने आत्याकडे वळले आणि थबकले.

आत्याने आपला रुंद कोट अंगाभोवती लपेटून घेतला. “मी आता कोणाला काही सांगत नाही,” ती म्हणाली, आणि पुढे वाकून तिने त्या भोकात आपलं बोट अडकवलं. “उंची काहीही घ्या. फक्त हे भोक माझ्या बाजूला येऊ दे. तोंडाचं काम गेलं, आता मीही कापायला उभी राहीन; निदान माझी कात्री अडकवायला जागा होईल.”